रंगमंचावरील उजेडाची उमेदवारी



नाटक पाहून घरी परतताना आपण नटांची वाखाणणी करतो, एखादा संवाद आठवतो, क्वचित नेपथ्याविषयीही बोलतो. उजेडाविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. तो विषय निघतो तो दिवा भलत्या वेळी विझला, किंवा नायिका अंधारात उभी राहून रडली, तरच. अशा या अनामिक कामाकडे आमच्या जठारपेठेतील काही मुलेमुली वळू लागल्या आहेत. सायंकाळी मुलगा तालमीस म्हणून जातो, मध्यरात्री धुळीने माखून परततो, कोणती भूमिका मिळाली म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "मी लाइट्सला आहे." मग आईबाप माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाला गाठून विचारतात, "गुरुजी, हा धंदा आहे की नुसता नाद?"

धंदा आहे. मुंबई-पुण्याच्या कोणत्याही व्यावसायिक नाटकाची जाहिरात पाहावी. लेखक आणि दिग्दर्शक यांच्या पाठोपाठ 'प्रकाशयोजना' या शब्दापुढे एक नाव असतेच. प्रदीप मुळ्ये, शीतल तळपदे ही नावे नाट्यरसिकांना अशाच जाहिरातींतून परिचित झाली आहेत. परंतु या धंद्याची उमेदवारी बहुतेकांना हौशी मंडळींतच करावी लागते, आणि ती कशी करावयाची हे न उमगल्यास धंद्याचा नाद होऊन बसतो.

रंगभूमीवरील उजेड हे स्वतंत्र शास्त्र होऊन फार काळ लोटलेला नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीता स्वयंवर' केले तेव्हा तेलाच्या ज्योतीच काय त्या होत्या. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाने १८८१ मध्ये विजेच्या दिव्यांनी रंगमंच उजळला, आणि उजेड मनाप्रमाणे कमीअधिक करणे हळूहळू सुलभ झाले. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अध्यापक स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली एक पद्धती ग्रंथरूपाने मांडली. रंगमंचाचे लहान लहान विभाग पाडावे. प्रत्येक विभागावर समोरून, परंतु उजवीकडून एक व डावीकडून एक, असे दोन दिवे सुमारे ४५ अंशांच्या कोनातून टाकावे. त्यांपैकी एकाचा रंग उबदार, दुसऱ्याचा थंड ठेवावा. असे केले म्हणजे चेहरा दिसतो आणि त्याचा उठावही राहतो. अगदी समोरून एकच दिवा मारला तर नाक, गाल, कपाळ सारे सपाट होऊन माणूस भिंतीवरील चित्रासारखा दिसतो. हा प्रयोग घरी हातबत्ती घेऊन आरशासमोर कोणालाही करून पाहता येईल.

आता हौशी रंगभूमीच का, ते सांगतो. व्यावसायिक नाटकाचा दौरा सकाळी गावात येतो, सायंकाळी प्रयोग होतो, रात्री गाडी पुढच्या गावास निघते. त्या घाईत नवख्याच्या हाती कोण यंत्र देईल? हौशी मंडळात मात्र एक नाटक महिना-दीड महिना तालमीत असते. राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी नाट्यस्पर्धा सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे. तिच्या प्राथमिक फेरीत अभिनय व दिग्दर्शन यांप्रमाणे प्रकाशयोजनेलाही स्वतंत्र पारितोषिक असते. माझ्या मते त्या पारितोषिकापेक्षाही एक लाभ मोठा आहे. एकाच नाट्यगृहात, बहुधा एकाच कंत्राटदाराचे तेच ते दिवे, आज एक संघ वापरतो, उद्या दुसरा. काल ज्या दिव्याने न्यायालय दाखविले त्याच दिव्याने आज माजघर दिसते. आमच्या प्रमिलाताई ओक सभागृहात असो वा अमरावतीस असो, आपला प्रयोग आटोपल्यावरही जो मुलगा उरलेल्या सर्व संघांची नाटके बसून पाहतो, त्याला पंधरवड्यात एक पाठ्यक्रमच मिळतो, आणि तोही फुकट.

तालमीत त्याने काय करावे? प्रथम संहिता वाचावी, तीही तीनदा. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा वेळ आणि स्थळ टिपण्यासाठी, म्हणजे प्रवेश पहाटेचा की दिवेलागणीचा, खिडकी कोठे आहे, कंदील कोणाच्या हाती आहे, आणि तिसऱ्यांदा उजेड नेमका कोणत्या शब्दावर बदलावयाचा ते ठरविण्यासाठी. मग एका वहीत क्रमांकवार सूची करावी: बदल कितवा, कोणत्या वाक्यावर, कोणते दिवे, किती टक्के, किती सेकंदांत. आजचे नियंत्रक यंत्र एकाच तारेवरून ५१२ वाहिन्यांना हुकूम सोडू शकते. परंतु सायंकाळ तीन सेकंदांत व्हावी की तीस, हे त्या यंत्रास कळत नाही.

थोडे भूमितीचेही ज्ञान हवे. दिव्याचे अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा होतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तो चौथाई होतो. दहा फुटांवरून जो चेहरा लख्ख दिसला, तोच वीस फुटांवरून मंदावतो आणि दिग्दर्शक ओरडतो. शाळेत वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम कंटाळत पाठ केलेल्या मुलांना तो येथे एका रात्रीत पटतो, ही गोष्ट आम्हा शिक्षकांनी विचार करण्याजोगी आहे. रंगांचेही तसेच. एलईडी दिवे लाल, हिरवा व निळा एकत्र करून हवा तो रंग देतात खरे, परंतु त्या मिश्रणाचा पांढरा उजेड आपल्या सावळ्या चेहऱ्यांवर पडला म्हणजे माणूस आजारी वाटतो. त्यास थोडी पिवळसर ऊब द्यावी लागते. दर दोन मिनिटांनी लाल-निळा करणाऱ्यास मी प्रकाशयोजनाकार म्हणणार नाही. तो वरातीची रोषणाई करतो आहे.

आता पालकांनी कान देऊन ऐकावे असा भाग. हे काम विजेचे आहे आणि उंचीवरचे आहे. हजार वॅटचा एक जुना दिवा २३० व्होल्टच्या दाबावर सुमारे सव्वाचार अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणजे पंधरा अँपिअरच्या जोडणीवर असे तीन दिवे चालतील, चौथा लावला की तार तापू लागेल. नाट्यगृहास बहुधा तीन फेजांचा पुरवठा असतो. कोणत्याही दोन फेजांमध्ये २३० नव्हे, सुमारे ४०० व्होल्टचा दाब असतो. म्हणून हाताच्या अंतरावरील दोन दिवे निरनिराळ्या फेजांवर जोडू नयेत. अर्थिंगची तार तोडून किंवा मोकळी सोडून काम भागविणाऱ्या मंडळात मुलास क्षणभरही ठेवू नये, मग त्या मंडळास कितीही ढाली मिळालेल्या असोत. टांगलेल्या प्रत्येक दिव्यास मुख्य पकडीखेरीज दुसरी पोलादी साखळी हवी. शिडीवर एक जण चढला तर खाली धरणारे दोघे हवेत. हॅलोजनच्या काचेस उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहून ती जागा अधिक तापते व दिवा फुटू शकतो. हे सारे कोणी तरी जाणत्याने शिकवावयास हवे. सर्वांत उत्तम म्हणजे दिवसा आयटीआयचा वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा आणि सायंकाळी नाटक. पोटापाण्याची सोयही त्यात आपोआप होते.

या वाटेने किती दूर जाता येते त्याचे उदाहरण बंगालच्या रंगभूमीवर आहे. तापस सेन १९२४ साली आसामात जन्मले व दिल्लीत वाढले. शाळकरी वयातच ते हौशी नाटकांचा उजेड सांभाळू लागले, आणि पुढे कलकत्त्यास गेले. शंभू मित्रांच्या 'बहुरूपी' या संस्थेच्या 'रक्तकरबी'चा उजेड १९५४ साली त्यांनी केला. १९५९ मध्ये उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी शिरून कामगार बुडतात, हे दृश्य त्यांनी रंगमंचावर पाण्याचा थेंबही न आणता केवळ उजेडाने उभे केले. आणि त्याच वर्षी 'सेतु' नाटकात प्रेक्षकांच्या अंगावर धावत येणारी आगगाडी दाखविली. ज्यांनी नाटक पाहिले नव्हते तेही ती आगगाडी पाहावयास जात. प्रकाशयोजनाकाराच्या नावावर तिकिटे खपावीत, ही आपल्या देशात अपूर्व गोष्ट होती.

आता पैशाचे. हौशी मंडळात पहिली दोन-तीन वर्षे चहा, वडा आणि प्रवासखर्च यांपलीकडे काही मिळत नाही, आणि तेवढ्यावर समाधान मानावे. तथापि त्या काळात दिवे भाड्याने देणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडे हाताखाली राहावे. लग्ने, गणेशोत्सव, व्याख्याने यांच्या कामांतून रोजंदारीही मिळते आणि उपकरणे हाताळावयास सापडतात. पूर्व विदर्भात देसाईगंज-वडसा येथील झाडीपट्टीच्या मंडळ्या हिवाळाभर गावोगाव रात्रभराचे प्रयोग करतात. रोज नव्या मांडवात दिवे बांधण्याचा सराव तेथे जसा होतो तसा शहरात होणे नाही. ज्यास पुढे शिकावयाचे आहे त्याने दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी यांची माहिती मिळवावी. प्रत्येक नाटकाची सूची, दिव्यांच्या जागांचा नकाशा आणि प्रयोगाची छायाचित्रे जपून ठेवावी. प्रवेशाच्या वेळी बोलण्यापेक्षा ती वही अधिक उपयोगी पडते.

आणि जे मंडळ प्रेक्षकांकडून तिकिटाचे पैसे घेते, नटास मानधन देते, पण दिवेवाल्यास "तू तर घरचाच" म्हणून रिकाम्या हाती पाठविते, त्या मंडळाकडे आपला आकडा संकोच न करता सांगावा. तो तालमी सुरू होण्यापूर्वी सांगावा. प्रयोगाच्या दिवशी शिडीवर चढून सांगू नये.