पाच वर्षांची उमेदवारी

१२ जून १९०५. फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी आधी स्वतः शपथ घेतली आणि मग नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर व अनंत विनायक पटवर्धन या तिघांना दिली. भारत सेवक समाज सुरू झाला तो असा. शपथा सात होत्या. त्यांतली एक अगदी संसाराला हात घालणारी: समाज कुटुंबासाठी जी तरतूद करील तिच्यात भागवायचे, जादा कमाईच्या मागे लागायचे नाही.

या शपथांइतकीच मला गोखल्यांची दुसरी अट मोलाची वाटते. नव्या सदस्याने पाच वर्षे उमेदवारी करायची. काही काळ पुण्यात राहून अभ्यास, काही काळ देशभर हिंडून परिस्थिती डोळ्यांनी पाहणे. गोखले स्वतः न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सार्वजनिक सभेच्या कामात तयार झाले होते. आकडे तपासल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, ही तिथली शिस्त. दक्षिण आफ्रिकेत नाव कमावून १९१५ साली परतलेल्या गांधीजींनाही त्यांनी वर्षभर देश पाहा, जाहीर मतप्रदर्शन नको, असेच सांगितले. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला गोखले गेले.

या मुशीतून निघालेली माणसे पाहा. देवधरांनी रमाबाई रानडे यांच्यासोबत १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभे केले. त्याच साली समाजात आलेले ना. म. जोशी १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना स्थापन करणाऱ्यांत होते. मुंबई महापालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडून १९१४ मध्ये आलेल्या ठक्करबाप्पांनी भिल्लांसाठी आयुष्य वेचले. एक उणीव मात्र होती, आणि ती लहान नव्हती: सुरुवातीचे सदस्य सगळे शिकलेले, पांढरपेशे पुरुष.

पुढे शिक्षणाची दारे रुंदावली. कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून पुण्यात समाजकार्य शिकवते आहे. पण पदवी घेऊन कामाला लागलेली कार्यकर्ती दहा-बारा वर्षांनी संस्थेची प्रमुख होते, तेव्हा तिच्या हाती काय असते? देणगीवरच्या करसवलतीची कागदपत्रे, ऑडिट, देणगीदारांचे त्रैमासिक अहवाल, वीस जणांचे पगार. हे सगळे ती पडत-धडपडत शिकते. वाटेत दोन दिवसांचे एखादे वर्कशॉप मिळाले तर मिळाले. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने परदेशी निधीतून प्रशासनावर करायच्या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, त्यामुळे अशा शिकण्यासाठीचा पैसा आणखी आटतो.

शाळेच्या खोलीला आणि रुग्णवाहिकेला देणगी मिळते. संस्था चालवणाऱ्या माणसाच्या अभ्यासाला मिळत नाही. पुण्यातल्या देणगीदारांना माझी कळकळीची विनंती आहे: यंदा एखाद्या संस्थेला मदत करताना तिच्या प्रमुखाला सहा महिने कामातून मोकळे करून, शिकायला आणि हिंडायला पुरेल एवढी रक्कम वेगळी द्या.