सहलीतला फ्रिज आणि बॅटरीचा हिशोब

मागच्या मे महिन्यात आम्ही दिवेआगरला किनाऱ्याजवळ तंबू टाकून दोन रात्री राहिलो. अम्मीचे इन्सुलिन आणि मुलांसाठी मसाला लावलेले चिकन ठेवायला गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा फ्रिज एका नातेवाइकाकडून मागून आणला होता. पहिल्या रात्री तो गाडीच्याच बॅटरीवर चालू ठेवला. फजरनंतर चावी फिरवली, तर गाडी 'टक्' करून गप्प! फ्रिजही बंद. शेजारच्या मच्छीमार बांधवांनी बर्फ दिला. बर्फ थेट लागू नये म्हणून इन्सुलिन जाड टॉवेलात गुंडाळून ठेवले.

चूक आमचीच होती. गाडीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते, तासन्तास वीज पुरवण्यासाठी नाही. फ्रिजला वेगळी बॅटरी हवी. ती केवढी, हे पाचवीच्या गणिताने कळते.

४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज साधारण ५० वॅट वीज घेतो. उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असे धरा. ५० गुणिले १२ तास म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. त्याला १२ व्होल्टने भागले की ५० अँपिअर-तास. दोन दिवसांना १०० लागतील.

घरच्या इन्व्हर्टरची ॲसिडची बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. शिवाय ती जड, आणि ॲसिड सांडण्याची भीती. १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग, पण वजन बारा-तेरा किलो आणि ८० टक्के बिनधास्त वापरता येते. म्हणजे ८० मिळाले. उरलेले २० शंभर वॅटचे सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात सहज भरून काढते. वायरला बॅटरीजवळ फ्यूज लावाच. चार्जर लिथियमचाच वापरा आणि बॅटरी सावलीत ठेवा.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. गोठले तर ते फेकूनच द्यावे लागते. म्हणून फ्रिज ४-५ अंशांवर लावा आणि इन्सुलिन मांसापासून वेगळ्या डब्यात ठेवा.

वर्षातून एकदाच जाणार असाल तर एवढा खर्च करू नका, तो इस्राफ होईल. चांगला बर्फाचा डबा पुरतो, किंवा बॅटरी मागून आणा. पण ज्यांच्या घरात औषध थंड ठेवण्याची गरज आहे आणि प्रवास वारंवार होतो, त्यांनी हा हिशोब निघण्याआधीच करावा. आधी उंट बांधायचा, मग तवक्कल. आम्ही त्या रात्री उंट मोकळाच सोडला होता.