स्टोरी सांगू का?

आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे 'टॉकीज' म्हणायचे. त्याचा मामा मुंबईला गिरणीत कामाला होता. सुट्टी लागली की हा मामाकडे जायचा, दोन-तीन सिनेमे बघून यायचा आणि शाळा उघडली की मागच्या चिंचेखाली त्याचे खेळ लागायचे. खेळच म्हणायचं, कारण सिनेमा पडद्यावर जेवढा वेळ चालतो तेवढाच वेळ तो सांगायचा. सुरुवात पाट्यांपासून. कोण कोण आहे, संगीत कुणाचं. मग घोड्याच्या टापा मांडीवर थापा मारून, मारामारी तोंडाने, आणि गाणं आलं की पहिली ओळ गुणगुणून, "इथे गाणं आहे, ते सोडतो." मधेच उठून हापशावर पाणी प्यायला जायचा. ते मध्यंतर.

१९७५च्या दिवाळीनंतर त्याने 'शोले' सांगितला. सव्वातीन तासांचा सिनेमा एका मधल्या सुट्टीत मावेना, म्हणून तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शेवट आला: ठाकूर गब्बरला खलास करतो. हात नाहीत, तर पायांनी. सांगताना टॉकीजने स्वतःचे दोन्ही हात शर्टाच्या आत घेतले होते आणि रिकाम्या बाह्या लोंबत होत्या.

पुढे दीड-दोन वर्षांनी तालुक्याच्या थेटरात 'शोले'ची रिळं आली. आम्ही पाच जण दोन सायकलींवर गेलो. शेवटी ठाकूर गब्बरला तुडवत असतो आणि ऐन वेळी पोलीस येतात. कायदा वगैरे ऐकवतात, गब्बर जिवंत. आम्ही दुसऱ्या दिवशी टॉकीजला धरला. फेकाड्या, थापाड्या, मामाने दाखवायला नेलंच नव्हतं, काय काय बोललो. तो म्हणाला, "मी जे बघितलं ते सांगितलं." त्यानंतर त्याचे खेळ जरा ओसच पडले.

सिनेमाबद्दल बोलण्याचा मागोवा घ्यायचा तर मला त्या चिंचेपासूनच सुरुवात करावी लागते. कारण तेव्हा सिनेमाबद्दल बोलणं म्हणजे स्टोरी सांगणं. मत हे तोंडी लावण्यापुरतं. "चांगलाय", "रड्याळ आहे", "फाइटिंग भरपूर", एवढ्यात ते संपायचं. जो सांगायचा त्याला मान होता आणि ज्याने अख्खी स्टोरी ऐकलीय तोही पुन्हा पैसे साठवून सिनेमाला जायचाच. उलट आधी ऐकलेलं असलं तर बघताना शेजारच्याला "आता बघ" म्हणायची सोय व्हायची.

१९७५ हे या कामी फारच भाग्याचं साल. 'दीवार', 'शोले', 'जय संतोषी माँ', 'पांडू हवालदार' आणि 'सामना', सगळे त्याच वर्षातले. पाचही सिनेमे गावात आले ते पाच वेगवेगळ्या तोंडांनी.

'शोले'ची गंमत माहीतच आहे. १५ ऑगस्टला लागला तेव्हा धंद्यातल्या जाणकारांनी तो पडल्याचं जाहीर करून टाकलं होतं. परीक्षणंही थंड होती. निर्मात्यांमध्ये शेवट बदलायचा का, यावर खल झाला. मग दोन-तीन आठवड्यांत लोकच लोकांना सांगू लागले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं हलला नाही. पॉलिडोर कंपनीने गाण्यांच्या जोडीला संवादांचीही तबकडी काढली. लग्नाच्या मांडवात, गणपतीत कर्ण्यावर गब्बर बोलायचा. म्हणजे सिनेमा न बघितलेल्या माणसालाही तो तोंडपाठ. आज ज्याला माउथ पब्लिसिटी म्हणतात तिचा याहून मोठा दाखला मला तरी सापडत नाही, आणि तीत 'मत' असं जवळपास नव्हतंच. लोक गब्बरसारखं बोलून दाखवत होते, बस्स.

'जय संतोषी माँ' आमच्या घरी आईने आणला. ती शेजारच्या चौघींबरोबर तालुक्याला जाऊन बघून आली होती. थेटरात बायकांनी चपला दाराशी काढल्या होत्या, पडद्याकडे सुटे पैसे टाकले होते, हे ती सांगायची. पुढे वाचलं तर गावोगाव तसंच झालेलं. आईची सांगण्याची रीत टॉकीजपेक्षा अगदी निराळी. तिने कधी नट-नट्यांची नावं घेतली नाहीत, गाणी गायली नाहीत. ती सत्यवतीची कहाणी सांगायची, श्रावणात शुक्रवारची सांगतात तशी, त्याच सुरात, मधे मधे "मग काय झालं?" असं स्वतःलाच विचारत. ऐकणाऱ्या बायकांच्या हातात गूळ-चणे असायचे. सिनेमा व्रताच्या कथेवरून निघाला होता आणि ओसरीवर येऊन परत कथाच झाला. मधले कॅमेरा, सेट, दिग्दर्शक सगळे गळून पडले.

'पांडू हवालदार'ची स्टोरी मात्र घरात कुणी सांगेना. काका बघून आले आणि हसत हसतच आडवे झाले. काय आहे त्यात, असं विचारलं तर "ते सांगण्यासारखं नाही". पेपरातल्या जाणत्यांनी दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांना नाकं मुरडली होती, काकांनीही चारचौघांत मुरडली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. सिनेमाबद्दलचं जाहीर मत एक आणि तिकीटबारीवरचं एक, हे मला पहिल्यांदा काकांकडे बघून कळलं.

आणि 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला होता हे आम्हाला फार उशिरा समजलं. गावात तो आला तो स्टोरी म्हणून नाहीच, प्रश्न म्हणून आला. मारुती कांबळेचं काय झालं? सोसायटीच्या निवडणुकीत, ग्रामपंचायतीत, कुणाचा हिशेब लागेना की मागून कुणीतरी हा प्रश्न टाकायचं. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या लोकांना त्या प्रश्नाचं वेगळं परीक्षण लागत नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. थेटराबाहेर गाण्याच्या चोपड्या विकायला असायच्या. पातळ, चार-आठ पानांच्या, शाई हाताला लागायची. त्यांच्यात पहिल्या पानावर कथासार असे आणि ते बरोबर पेचात येऊन थांबे: पुढे काय झाले ते रुपेरी पडद्यावरच पाहा! शेवट लपवायचा हा उद्योग निर्मात्यांचा, धंद्याच्या सोयीचा. प्रेक्षकांनी तो कधी मनावर घेतला नाही. चोपडी विकत घेऊन ज्याने सिनेमा बघितलाय त्याच्याकडूनच पुढचं ऐकायचं.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन १९७२चं, आमच्याकडे अँटेना दिसायला बरीच वर्षं गेली. रविवारी संध्याकाळी एका घरात चाळीस माणसं. तिथे सिनेमाबद्दल बोलायला सिनेमा संपायची वाट कोण बघतो? सिनेमा चालू असतानाच आजी खलनायकाला शिव्या द्यायची, नायिकेला "अगं जाऊ नको" म्हणायची. व्हीसीआरच्या काळात, एका रात्रीत तीन कॅसेट संपवायच्या घाईत, दोन सिनेमांच्या स्टोऱ्या एकमेकींत मिसळल्या. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.

शिकायला पुण्यात आलो आणि माझी बोबडी वळली ती फिल्म सोसायटीत.

फिल्म सोसायटीची चळवळ तोवर जुनी झाली होती. १९४७मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता वगैरे मंडळींनी कलकत्त्यात ती रुजवली, १९५९मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८चं. पुण्याला तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट दोन्ही हाकेच्या अंतरावर. संग्रहालयातून १६ मिलिमीटरच्या प्रिंटा मिळायच्या. पी. के. नायर आणि सतीश बहादूर ही नावं तिथे देव्हाऱ्यातल्यासारखी घेतली जात. दर उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचं शिबिर व्हायचं आणि तिथून परतलेली माणसं महिनाभर वेगळीच भाषा बोलायची.

सोसायटीच्या सभासदांना सेन्सॉर न झालेले परदेशी सिनेमे दाखवायची मुभा होती. काही सभासद केवळ त्या मुभेचे चाहते होते. ते अपेक्षित प्रसंग येऊन गेला की उठायचे. सिनेमा संपून दिवे लागले आणि संयोजक "आता चर्चा" म्हणाले की उरलेल्यांतले निम्मे शेवटची बस गाठायला निघत. मग पंधरा-वीस जण राहायचे. प्रोजेक्टर गार होत असायचा, त्याचा एक जळका वास असतो, आणि त्या वासात लोक 'लाँग टेक', 'मिझाँसेन', 'नववास्तववाद' असे शब्द उच्चारायचे.

पहिल्या खेपेला डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज' होता. मला संयोजकांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटलं?" मी आयुष्यभर शिकलो होतो तेच केलं, स्टोरी सांगायला लागलो. सायकल चोरीला जाते, बापलेक शोधतात, सापडत नाही, शेवटी बापच एक सायकल चोरतो आणि पकडला जातो. दोन वाक्यांत संपली. टॉकीजने तीन दिवस लावले होते. एक दाढीवाले गृहस्थ दयेने म्हणाले, "कथा आम्हीही पाहिली. त्या पलीकडे?" पलीकडचं काही माझ्याकडे नव्हतं. घशाशी आलेलं होतं, पण त्याला शब्द नव्हता.

सुट्टीत घरी गेल्यावर आईला तीच स्टोरी सांगितली. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ते पोरगं? बापाला मारताना ते कुठं होतं?" तिथेच होतं, म्हटलं. सगळं बघत होतं. मग बापाचा हात धरतं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बापाला ते मारण्यापेक्षा जास्त लागलं असणार."

दाढीवाल्या गृहस्थांनी पुढच्या आठवड्यात 'बालकाचा दृष्टिकोन' यावर वीस मिनिटं घेतली होती. चांगलं बोलले, त्यांना नावं ठेवत नाही. त्या सोसायटीने मला खूप दिलं; स्टोरीच्या पलीकडे सिनेमा असतो, उजेड कुठून येतो आणि माणूस चौकटीत कुठे उभा आहे यालाही अर्थ असतो, हे तिथे कळलं. अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' हातात पडलं तेव्हा तर वाटलं, असं लिहिता येतं आपल्या भाषेत! 'प्यासा'तली एखादी सावली माणूस इतका वेळ बघू शकतो! त्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तोटाही झाला. मी स्टोरी सांगायची सोडली. लाज वाटायला लागली.

त्या काळात लाज न बाळगता सांगणारा एक माणूस होता, शिरीष कणेकर. 'माझी फिल्लमबाजी' म्हणून एकट्याने स्टेजवर उभं राहायचं आणि हिंदी सिनेमा सांगायचा, टवाळी करत, मधेच एखाद्या गायकासाठी गळा दाटून येत. नाट्यगृहं भरायची. सोसायटीतले काही लोक त्यांना गंभीरपणे घेत नसत. मला मात्र त्या खेळात चिंच दिसायची. त्याआधी कितीतरी वर्षं बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया'त मतांचा आसूड ओढून दाखवला होता, पण तो इंग्रजीत, आणि त्याचा धाक नट-निर्मात्यांना. कणेकर ऐकून घरी जाणारा माणूस जिना उतरता उतरताच कणेकरांसारखं बोलायला लागायचा.

नंतरची वर्षं भराभर गेली. पेपरात परीक्षणाच्या डोक्यावर स्टार आले. आधी गंमत वाटली, मग लोक स्टारच वाचू लागले. साडेतीन म्हणजे बघायला हरकत नाही, दोन म्हणजे घरी आल्यावर बघू. शुक्रवारी पहिला खेळ सुटतो तिथे आता पोरं माइक घेऊन उभी असतात. डोळ्यांना अजून उजेड सोसवत नसतो तोच बाहेर येणाऱ्याला विचारतात, "कसा वाटला? एका शब्दात." 'कडक', 'डोक्याला शॉट', 'पैसा वसूल'. हेही मोफत असतंच असं नाही. पैसे घेऊन सिनेमे चढवण्या-पाडण्याची बोलवा सगळीकडे आहे, केरळात तर २०२३मध्ये ठरवून वाईट परीक्षणं करण्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या.

आणि स्टोरी सांगणं हा गुन्हा झाला. माझी पुतणी सिनेमा बघून येते. मी विचारतो, काय आहे? ती म्हणते, "काका, स्पॉयलर देत नाही. पण भारी आहे, सेकंड हाफ जरा स्लो." मला मत मिळतं, सिनेमा मिळत नाही. मी आग्रह धरला तर तिला सांगताही येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला अडखळते. तिचा दोष नाही, कुणी तिच्याकडे कधी मागितलीच नाही.

तरी खरं सांगायचं तर, एकदा मीही गप्प बसलो. २०१६च्या एप्रिलअखेर 'सैराट' लागला. लोक गाण्याला थेटरात नाचत होते, गावागावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागत होते. मी बघून घरी आलो. आईने नेहमीप्रमाणे विचारलं. करमाळ्याकडची पोरं आहेत, म्हटलं, केळीच्या बागा आहेत, विहीर आहे, पोरगी बुलेट चालवते. पळून जातात, संसार मांडतात. इथवर आलो. "मग?" आईने विचारलं. मी म्हटलं, "पुढचं तूच बघ." त्या छोट्या पोराची पावलं मला सांगता येईनात. पुढे त्या सिनेमावर जातीजातीत जी भांडणं झाली त्यांत कोण किती मोठ्याने बोलतं ते ऐकत होतो, आणि मनात येत होतं की यातल्या कितींनी शेवट कुणाला तोंडाने सांगून पाहिला असेल.

आईला आता पडद्यावरचं धूसर दिसतं. डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय, डॉक्टर म्हणतात वय झालं. त्यामुळे गेली दोन-तीन वर्षं मी पुन्हा स्टोऱ्या सांगतो. सवय गेलेली, घसरतो. ती टोकते: "ती बाई आधी कुठं होती? तू सांगितली नाहीस."

२०२५च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात 'शोले'ची दुरुस्त केलेली प्रिंट दाखवली, ती मूळ शेवटासह. आणीबाणीतल्या सेन्सॉरने बदलायला लावलेला तो शेवट पन्नास वर्षांनी परत जोडला होता. बातमी मी आईला वाचून दाखवली. म्हटलं, यात पोलीस वेळेवर येत नाहीत, ठाकूर गब्बरला मारूनच टाकतो.

"पायांनी?" आई म्हणाली.

हो.

"मग ते तुमचं टॉकीज खरंच सांगत होतं की रे."

मी म्हटलं, अगं, मुंबईतसुद्धा तेव्हा पोलीसवालाच शेवट लागला होता. हा त्याने बघितलेला असणं शक्यच नाही.

"मग त्याला कळलं कसं?" आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "बरं, पहिल्यापासून सांग."