मोटारगाडीचा विमा व कागदोपत्री राहिलेला जुना तपशील

शेतमाल बाजारास नेण्याकरिता व घरच्या वापराकरिता खेडोपाडी आता जीप व मोटारगाड्या आल्या आहेत. त्यांचा विमाही उतरविला जातो. परंतु विमापत्रातील नाव व पत्ता कोणाचा व केव्हाचा आहे, हे सहसा कोणी पाहत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक मात्र हेच कागद प्रथम मागतो. सबब जुन्या तपशिलाचा भरपाईवर काय परिणाम होतो, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरीबंधूंस समजावून देणे जरूर आहे.

सर्वच जुना तपशील सारखा घातक नसतो. पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक बदलल्याचे कळवावयाचे राहिले, एवढ्याच कारणाने दावा सहसा बुडत नाही. मात्र नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर जाते, मुदत नकळत संपते, आणि मुदत संपलेल्या विम्यावर काहीही मिळत नाही. बदललेला पत्ता परिवहन कार्यालयास ३० दिवसांत कळविणे कायद्यानेही आवश्यक आहे.

खरी अडचण मालकाच्या नावाची आहे. जुनी गाडी विकत घेतली, पैसे दिले, कोऱ्या अर्जांवर सह्या घेतल्या आणि गाडी घरी आणली, की व्यवहार पुरा झाला असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ प्रमाणे मालकी बदलल्यावर खरेदीदाराने विमापत्रात फेरबदल करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. गाडीमुळे दुसऱ्या कोणास इजा झाल्यास त्या जखमी इसमाच्या संरक्षणापुरता विमा मालकीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. परंतु गाडीच्या स्वतःच्या नुकसानीस हा नियम लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आहे. म्हणजे नोंदणी खरेदीदाराच्या नावे झाली आणि विमा विक्रेत्याच्याच नावे राहिला, तर गाडी चक्काचूर झाली तरी खरेदीदारास दुरुस्तीचा खर्च मागता येत नाही. आणि विक्रेत्याची गाडीच नसल्याने त्यासही तो मिळत नाही. भरलेला हप्ता दोघांच्याही कामी येत नाही.

विक्रेत्यानेही निश्चिंत राहू नये. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. खरेदीदाराने विमा चालू ठेवला नाही व अपघात झाला, तर भरपाईचा बोजा जुन्या मालकावर येऊ शकतो. याकरिता नमुना २९ व ३० वेळीच दाखल करून पोच घ्यावी.

घरातील कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर गाडी मुलगा चालवू लागतो, कागद मात्र वडिलांच्याच नावे राहतात. सात-बारावर वारसनोंद करणारे कुटुंबही गाडीची नोंद विसरते. मोटार विम्याच्या नियमांप्रमाणे अशा वेळी विमा मृत्यूपासून ३ महिने किंवा मूळ मुदत, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतच चालतो. त्या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला व मूळ विमापत्र जोडून कंपनीकडे अर्ज करावा. परिवहन कार्यालयास मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यावी व नमुना ३१ तीन महिन्यांत भरावा. मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे अपघात संरक्षणही नोंदणीकृत मालकासच, व त्याचा परवाना चालू असेल तरच मिळते. नावावर गाडी नसलेल्या मुलाच्या कुटुंबास त्याचा आधार नाही. या संरक्षणाकरिता नामनिर्देशित केलेली व्यक्ती हयात आहे की नाही, तेही तपासावे.

दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट ही गाडीची नसून मालकाची असते. जुन्या मालकाची सूट आपली म्हणून दाखविल्यास दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. बँकेचे कर्ज फिटले असल्यास तिचे ना-हरकत पत्र घेऊन बोजाची नोंद नोंदणीपुस्तिका व विमापत्र या दोहोंतून काढून घ्यावी. अन्यथा भरपाईच्या वेळी बँकेकडे पुन्हा हेलपाटे पडतात.

फेरबदलाचा अर्ज लेखी करावा व कंपनीकडून त्याचे पृष्ठांकन मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. प्रतिनिधीस तोंडी सांगितले होते, एवढ्यावर दावा उभा राहत नाही.