स्मृतिदौड, कुटुंब पदयात्रा आणि सेल्माचा पूल

आपल्या संस्थेच्या यंदाच्या बैठकीत एक विषय बराच वेळ चालला. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनी तरुण कार्यकर्त्यांना ‘संविधान दौड’ घ्यायची आहे. महिला मंडळाचे म्हणणे असे की, दौडीत मोजकीच पोरे पळतील, त्यापेक्षा आजीपासून नातवापर्यंत सर्वांना चालता येईल अशी कुटुंब पदयात्रा काढावी. यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “चालून आणि पळून काय साधणार? तेवढ्या पैशात गरीब मुलांना वह्या वाटा.”

प्रश्न रास्त आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून जगातल्या एका प्रसिद्ध स्मृतिपदयात्रेची हकिकत सभासद बंधुभगिनींपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, असे मनात आले. ही पदयात्रा अमेरिकेतील अलाबामा राज्यात, सेल्मा या लहानशा गावी दरवर्षी मार्चच्या पहिल्या रविवारच्या सुमारास निघते. म्हातारी माणसे, शाळकरी मुले, बाबागाडीतली बाळे असे सारे मिळून एका पुलावरून चालत जातात. तो पूल चालायला काही मिनिटेच लागतात. पण १९६५ साली तो ओलांडायला काळ्या माणसांना रक्त सांडावे लागले होते.

मत होते, पण देता येत नव्हते

अमेरिकेच्या राज्यघटनेत १८७० सालीच दुरुस्ती झाली होती. वंश किंवा वर्ण यावरून कोणाचाही मताधिकार नाकारता येणार नाही, असे त्या दुरुस्तीने ठरवले. तरीही १९६५ च्या सुरुवातीला सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे मतदानाच्या वयाचे सुमारे १५ हजार काळे नागरिक असताना त्यांच्यापैकी जेमतेम दोन टक्क्यांची नावे मतदार यादीत होती. शेजारच्या लाउंड्स काउंटीत तर काळी माणसे बहुसंख्य असूनही यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते.

हे कसे घडले? याचे उत्तर विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे. काळ्यांनी मत देऊ नये, असा कायदा कुठेही लिहिलेला नव्हता. मात्र नाव नोंदवायचे तर लांबलचक अर्ज भरायचा, राज्यघटनेचा एखादा भाग वाचून त्याचा अर्थ सांगायचा, आधीच यादीत असलेल्या मतदाराची हमी आणायची. नोंदणीचे कार्यालय महिन्यातून दोनच सोमवारी उघडे असे. रांगेत उभे राहणाऱ्याला मालक कामावरून काढून टाकी. आणि अर्ज बरोबर की चूक हे ठरवणारा अधिकारी गोरा! उत्तर बरोबर असले तरी तो ‘नापास’ म्हणाला की संपले. मुलांना शिकवणारे पदवीधर काळे शिक्षकसुद्धा असे नापास होत, आणि जेमतेम सही करणारा गोरा माणूस पास होई.

मी स्वतः बँकेत काउंटरवर बसतो. फॉर्म ही वस्तू किती दुधारी असते, हे मला रोज दिसते. समोरच्याला मदत करायची असेल तर त्याच फॉर्मची रिकामी जागा आपण दाखवून देतो; त्याला परत पाठवायचे असेल तर त्याच रिकाम्या जागेवर बोट ठेवून ‘अपूर्ण आहे’ म्हणता येते. कागद तोच, नियम तोच. फरक फक्त काउंटरच्या आतल्या माणसाच्या मनाचा. सेल्मात ही परत पाठवण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालली. म्हणूनच समतेचे कलम पुस्तकात असणे आणि ते माणसाच्या हाती पडणे यांत फार मोठे अंतर असते, असे म्हणावे लागते.

तीन मोर्चे

सेल्मातील लोकांनी या रीतीविरुद्ध वर्षानुवर्षे झगडा दिला. अमेलिया बॉयंटन या बाई १९३० च्या दशकापासून लोकांची नावे नोंदवण्यासाठी झटत होत्या. २२ जानेवारी १९६५ रोजी शंभराहून अधिक काळ्या शिक्षकांनी नोंदणीसाठी कचेरीवर मोर्चा नेला. नोकरी जाईल ही भीती असतानाही शिक्षक रस्त्यावर आले, याचा शाळकरी मुलांवर मोठा परिणाम झाला. १८ फेब्रुवारीच्या रात्री जवळच्या मॅरियन गावी मोर्चावर पोलीस तुटून पडले. आई व आजोबांना वाचवायला गेलेल्या जिमी ली जॅक्सन या तरुणाला गोळी लागली आणि २६ तारखेला तो मरण पावला.

या मृत्यूचा जाब विचारण्यासाठी राजधानी माँटगोमेरीपर्यंत, म्हणजे ५४ मैल अथवा सुमारे ८७ किलोमीटर, पायी जायचे ठरले. रविवार ७ मार्च १९६५ रोजी ब्राउन चॅपल या चर्चपासून सुमारे ६०० माणसे निघाली. पुढे होझिया विल्यम्स आणि पंचवीस वर्षांचे जॉन लुईस होते. अलाबामा नदीवरचा एडमंड पेटस पूल मध्यभागी उंच आहे. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडचे काही दिसत नाही. माथ्यावर आल्यावर लोकांना दिसले, ते रस्ता अडवून उभे असलेले राज्य पोलीस आणि घोड्यांवरचे शेरीफचे शिपाई. पांगण्याची सूचना झाली आणि लगेच लाठ्या व अश्रुधूर सुरू झाला. जॉन लुईस यांची कवटी फुटली. अमेलिया बॉयंटन बेशुद्ध पडल्या. पन्नासहून अधिक जणांवर उपचार करावे लागले. शेयान वेब नावाची आठ वर्षांची मुलगीही त्या दिवशी त्या पुलावर चालत होती. त्या रात्री दूरचित्रवाणीवर नाझींच्या खटल्यावरचा चित्रपट चालू असताना तो मध्येच थांबवून ही दृश्ये दाखवली गेली, आणि सारा देश हादरला.

९ मार्चला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली दुसरा मोर्चा पुलापलीकडे गेला व प्रार्थना करून परतला. त्याच संध्याकाळी जेम्स रीब या गोऱ्या धर्मोपदेशकावर हल्ला झाला. दोन दिवसांनी ते वारले. पुढे न्यायालयाने परवानगी दिली आणि २१ मार्चला तीन हजारांहून अधिक लोक सैन्याच्या बंदोबस्तात निघाले. वाटेत जिथे रस्ता अरुंद होता तिथे फक्त ३०० जणांनाच चालण्याची मुभा होती. रात्री मुक्काम शेतांत. डेव्हिड हॉल, रोझी स्टील यांसारख्या काळ्या शेतकऱ्यांनी धोका पत्करून आपली जमीन दिली. सेल्मातल्या एका चर्चच्या स्वयंपाकघरात बायाबापे जेवण रांधत आणि ते कोऱ्या करकरीत कचरापेट्यांत भरून गाडीने पुढे पाठवत. एक पाय नसलेले जिम लेदरर कुबड्यांवर सगळे अंतर चालले. २५ मार्चला माँटगोमेरीत पोहोचेपर्यंत मोर्चा २५ हजारांचा झाला होता. त्याच रात्री मोर्चेकऱ्यांना मोटारीतून परत पोहोचवणाऱ्या व्हायोला लिउझो या पाच मुलांच्या गोऱ्या आईला गोळ्या घालण्यात आल्या.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मताधिकार कायदा झाला. अलाबामासारख्या राज्यांतील साक्षरतेच्या परीक्षा बंद झाल्या आणि नोंदणीसाठी केंद्राचे अधिकारी आले. लाठ्या चालवणाऱ्या शेरीफला पुढच्याच वर्षी मतदारांनी घरी बसवले.

स्मृती चालत ठेवणे

आता स्मृतिपदयात्रेकडे वळू. तिने काय साधले? एक, तिने विरोधकालाही बदलण्याची वाट ठेवली. १९६५ साली गव्हर्नर असलेले जॉर्ज वॉलेस हे वर्णभेदाचे कट्टर पुरस्कर्ते. १९९५ साली तिसाव्या स्मृतिवर्षी लोक पुन्हा चालत माँटगोमेरीला पोहोचले, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या वृद्ध वॉलेस यांनी त्यांची भेट घेऊन हात हातात घेतले. ज्यांना मैत्रीची शिकवण आहे त्या आपल्यासारख्यांना हे दृश्य विचार करायला लावणारे आहे.

दोन, तिने पिढ्या जोडल्या. २०१५ साली पन्नासाव्या स्मृतिवर्षी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा पूल ओलांडत असताना त्यांच्या जवळच चाकाच्या खुर्चीत १०३ वर्षांच्या अमेलिया बॉयंटन होत्या. जॉन लुईस खासदार झाल्यावरही पुन्हा पुन्हा येत राहिले. मार्च २०२० मध्ये आजारी असूनही आले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांची शवपेटी घोडागाडीतून शेवटची त्या पुलावरून गेली. जानेवारी २०२३ मध्ये टोर्नेडोने गावाची वाताहत केली, तरी मार्चमध्ये लोक जमलेच.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्याचा एक मुख्य भाग निकामी केला. तेव्हापासून या यात्रेला केवळ आठवणीचे रूप राहिले नाही. मिळालेला हक्क काढूनही घेतला जातो, म्हणून दरवर्षी पायांनी तो पुन्हा मोजून पाहावा लागतो, हे तिथल्या मुलांना चालता चालता कळते.

आपला याच्याशी संबंध काय?

संबंध जुना आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची व अमेरिकन काळ्यांची स्थिती किती सारखी आहे, हे कळवले होते. द्यू बॉइस यांनी त्याला सहानुभूतीचे उत्तरही पाठवले. त्याआधी १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला, आणि सायमन कमिशनपुढे प्रौढ मतदानाची मागणी केली. त्या काळी आपल्याकडेही मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर मत ठरे. पुढे राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने या साऱ्या अटी एका फटक्यात दूर केल्या. अमेरिकेत काळा शिक्षक साक्षरतेच्या परीक्षेत नापास होत होता, त्याच्या तेरा वर्षे आधी, १९५१-५२ च्या निवडणुकीत आपल्याकडे अंगठा लावणाऱ्या मजुराने निशाणी पाहून मत दिले होते!

माझी आई शाळेत गेली नाही. बँकेत आजही अंगठाच लावते. पण मतदानाच्या दिवशी धुवट लुगडे नेसून सकाळी सातला रांगेत उभी असते आणि घरी येऊन शाईचे बोट आम्हाला दाखवते. सेल्माविषयी वाचले, तेव्हा त्या बोटाची किंमत मला प्रथमच नीट समजली. पदवीच्या वर्गात नागरिकशास्त्र शिकलो होतो, पण हे समजले नव्हते.

चालणेही आपल्याला नवे नाही. तथागतांनी पंचेचाळीस वर्षे चारिका केली. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले लोक शांतपणे रांगेने चवदार तळ्याकडे गेले, आणि परतल्यावर त्यांनीही मार खाल्ला. १९७९ च्या नामांतराच्या लाँग मार्चमध्ये चाललेले लोक आजही वस्त्यावस्त्यांत आहेत, त्यांना विचारा.

तर मग दौड की पदयात्रा?

माझे मत असे की, दोन्ही घ्याव्यात, पण दोहोंचा अर्थ वेगळा ठेवावा. दौडीत ज्याचे पाय मजबूत तो पुढे जातो. तरुणांची ताकद आणि शिस्त दिसण्यासाठी ती जरूर असावी. पदयात्रेत मात्र सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने सर्वांनी चालायचे असते. कुबड्यांवरचा माणूस जिथवर पोहोचतो, तिथवर मोर्चा पोहोचला असे समजायचे. लोकशाहीचे चालणे हे दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणून दौड आधी संपवून धावणाऱ्यांनी परत मागे यावे आणि आपापल्या आजी-आजोबांबरोबर चालावे, अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना : भोंगे व गुलाल यांचा खर्च टाळावा, त्यातून ज्येष्ठ सभासदांच्या वह्याही निघतील. तिसरी : चालताना प्रत्येक मुलाच्या जोडीला एक वडीलधारे माणूस द्यावे आणि त्याने आपला पहिला मोर्चा किंवा पहिले मतदान मुलाला सांगावे. चौथी : यात्रा विहाराशी पोहोचेल तिथे एक टेबल मांडावे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना नमुना क्रमांक ६ भरून द्यावा, यादीत प्रत्येकाचे नाव तपासावे. नावनोंदणीसाठी आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी पाहू’ ही सबब उरलेली नाही. त्या टेबलावर बसायला मी तयार आहे. फॉर्म भरण्याचा सराव मला आहेच.

“चालून काय साधणार?” या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच. नुसते चालून काही साधत नाही. पण कोण कशासाठी चालले होते हे माहीत असलेली माणसे चालली, आणि चालून झाल्यावर त्यांनी यादीतले आपले नाव पाहिले, तर पुष्कळ साधते. सेल्मातल्या आठ वर्षांच्या मुलीला ते कळले होते. आपल्या मुलांनाही कळेल.

जय भीम!