बेटकुळीचा सिनेमा

शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत मंचावर कुणी काहीच उचलत नाही. वर्षानुवर्षं लोखंडाशी झोंबायचं, आणि निकालाच्या दिवशी ते लोखंड पडद्यामागे ठेवून पुढं यायचं. मंचावर करायचं ते फक्त दाखवणं. शाळकरी पोरगा बाही सरकवून बेटकुळी काढतो ना, अगदी तेच. फरक एवढाच की इथे अंगाला तेल चोपडलेलं असतं आणि समोर परीक्षक बसलेले असतात.

या दाखवण्यावरचा सर्वांत गाजलेला माहितीपट म्हणजे 1977 चा ‘पम्पिंग आयर्न’. चार्ल्स गेन्सचा मजकूर आणि जॉर्ज बटलरची छायाचित्रं असलेलं त्याच नावाचं पुस्तक 1974 मध्ये आलं होतं. पुढे बटलर आणि रॉबर्ट फिओरे यांनी त्यावरून हा सिनेमा केला. त्यात दिसते ती 1975 ची ‘मिस्टर ऑलिम्पिया’ स्पर्धा आणि तिच्यासाठी चाललेली तयारी. नायक अठ्ठावीस वर्षांचा अर्नोल्ड श्वार्झनेगर. लागोपाठ पाच वर्षं किताब त्याच्याकडेच होता.

आता सुरुवात बघा. घाम नाही, लोखंडाचा खणखणाट नाही. अर्नोल्ड आणि त्याचा मित्र फ्रँको कोलंबू चक्क बॅलेच्या वर्गात उभे आहेत, आणि शिक्षिका त्या दोन पहाडांना हात कसा वळवायचा ते शिकवतेय. हसू येतं, पण पोज देणं म्हणजे काय ते या एका प्रसंगात कळून जातं. स्नायू कमावले की काम संपत नाही. एका मुद्रेतून दुसऱ्या मुद्रेत जाताना ते बोलले पाहिजेत.

मग येतो ‘पंप’. जिममध्ये जाणाऱ्या कुणालाही विचारा, हा शब्द तो डोळे चमकवून उच्चारतो. अर्नोल्डने सिनेमात त्याची तुलना ज्या सुखाशी केली आहे, ते आपल्याकडे चारचौघांत सांगायची सोय नाही. पण आत घडतं ते खरंच नवलाचं. स्नायू पुन्हा पुन्हा आवळला की त्यातल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त परत फिरायला अडखळतं. हृदय मात्र धमन्यांतून नवं रक्त ढकलतच राहतं. श्रमातून तयार झालेले पदार्थ पेशींत साठतात आणि पाणी आत ओढून घेतात. केशवाहिन्यांतूनही द्रव पाझरतो. दंड फुगतो, कातडी ताणली जाते, आणि तास-दोन तासांत सगळं ओसरतं. ही उसनी बेटकुळी. स्वतःच्या मालकीची हवी असेल तर स्नायूतले तंतू जाड व्हावे लागतात, आणि त्याला महिने-वर्षं लागतात, खुराक लागतो, झोप लागते. म्हणूनच मंचावर जाण्याच्या जरा आधी सगळे पडद्यामागे वजनं मारत असतात: कमावलेल्या भांडवलावर थोडी उधारी चढवायला.

खरी कुस्ती मात्र न्याहारीच्या टेबलावर होते. प्रतिस्पर्धी लू फेरिग्नो साडेसहा फुटांच्या जवळपास उंच. लहानपणीच्या कानाच्या दुखण्याने ऐकू कमी येणारा, ब्रुकलिनचा लाजराबुजरा तरुण. वडील पोलीस खात्यातले, आणि तेच त्याचे वस्ताद. स्पर्धेच्या दिवशी सकाळी अर्नोल्ड या कुटुंबाशेजारी येऊन बसतो आणि हसत हसत सांगतो, की मी जिंकलो असं मी कालच आईला फोन करून कळवलंय! ना आवाज चढलेला, ना अपमान. तरी समोरचा माणूस बसल्या जागी इंच-इंच लहान होताना दिसतो. हा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल! दर वेळी अर्नोल्डचा राग येतो, आणि दर वेळी नजर त्याच्यावरच खिळते.

स्पर्धा होती दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियाला. दोनशे पौंडांवरच्या गटात अर्नोल्ड पहिला, सर्ज नूब्रे दुसरा, फेरिग्नो तिसरा. हलक्या गटात फ्रँको जिंकला, आणि शेवटी दोन दोस्तांत अर्नोल्ड सरस ठरला. नूब्रेबद्दल मला हळहळ वाटते. प्रत्यक्षात दुसरा आलेला हा देखणा गडी सिनेमात जेमतेम दिसतो, कारण कथेला फेरिग्नो हवा होता. वर्णभेदी राजवटीच्या शहरात एक काळा खेळाडू दुसरा येतो, त्यावरही सिनेमा थांबत नाही.

म्हणजे माहितीपटही पोज देतो तर! केन वॉलर हा स्पर्धक माइक कॅट्झ या प्रतिस्पर्ध्याचा टी-शर्ट लपवायचा बेत आखतो, तो भाग नंतर चित्रित करून आधी जोडलेला आहे. स्पर्धेच्या तयारीपायी मी वडिलांच्या अंत्यविधीला गेलो नाही, असं अर्नोल्ड थंडपणे सांगतो. ती गोष्ट आपली नव्हतीच, असं त्यानेच पुढे कबूल केलं. स्टेरॉइडचा तर सिनेमात उल्लेखच नाही. ती घेत असल्याचंही त्याने नंतर मान्य केलं. शेवटी जाहीर केलेली निवृत्तीसुद्धा पाचच वर्षं टिकली. 1980 मध्ये सिडनीत तो पुन्हा उतरला आणि जिंकला. एवढं सगळं कळूनही सिनेमा खोटा वाटत नाही. दंड खरा आहे, तेल वरून चोळलेलं आहे.

चित्रीकरणानंतर बटलरचे पैसे संपले. तेव्हा त्याने जे केलं त्याला तोड नाही. फेब्रुवारी 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी या कलासंग्रहालयात त्याने अर्नोल्ड, फ्रँक झेन आणि एड कॉर्नी या शरीरसौष्ठवपटूंना शिल्पांसारखं उभं केलं, फिरत्या चौथऱ्यावर. पुरुषदेह आणि कला यांवर बोलायला विद्वान मंडळी बोलावली होती. गर्दी अपेक्षेबाहेर झाली, लोक जमिनीवर बसले. विद्वानांनी आपापलं भाष्य केलं. चौथरा सावकाश फिरत होता, आणि लोकांच्या नजरा त्याच्याबरोबर.