वुडपिजन आणि एअर रायफल

मानेवर पांढरा पट्टा असलेले हे दांडगे रानकबूतर इंग्लंडमधल्या वाटाण्याच्या शेतांवर थव्याने उतरते. ते मारण्यापूर्वी पीकरक्षणाच्या सरकारी परवान्याच्या अटी आणि शेतमालकाची परवानगी पाहावी. १२ फूट-पाउंडांपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला इंग्लंडमध्ये स्वतंत्र दाखला लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून लागतो.

थव्याला खाली उतरवण्यासाठी नकली कबुतरे वाऱ्याकडे तोंड करून, घोड्याच्या नालेच्या आकारात मांडावीत. खरी कबुतरे वाऱ्याविरुद्धच उतरतात, म्हणून नालेची उघडी बाजू वारा जातो तिकडे ठेवावी. उतरण्याची जागा तुमच्या लपण्याच्या जागेपासून २५ यार्डांच्या आत हवी. उडत्या पक्ष्यावर छर्रा झाडणे म्हणजे निव्वळ क्रौर्य. तो टेकून स्थिरावला आणि मागे मातीचा बांध असला, तरच डोक्यावर नेम धरावा.